जुना हाय-स्पीड ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुताय? या चुका टाळा

‘रोल जुना आहे, डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) जरा जास्त वेळ ठेवू’ असं वाटतं आणि तिथेच घोळ होतो. जुन्या फिल्मची खरी अडचण फॉगची असते. उष्णता आणि वातावरणातलं किरणोत्सर्जन यांमुळे उजेड न लागताही फिल्म करडी पडत जाते, आणि ती जितकी वेगवान (म्हणजे जास्त स्पीडची, कमी उजेडातही चालणारी) तितकी लवकर. फ्रीजमध्ये ठेवली तर उष्णतेपासून वाचते, किरणांपासून नाही. म्हणून टी-मॅक्स पी३२०० किंवा डेल्टा ३२०० अशा वेगवान फिल्मला साध्या १०० स्पीडच्या फिल्मचे हिशोब लावू नका. वेळ वाढवली की चित्राबरोबर फॉगही वाढतो, आणि सावल्यांत जे उमटलेलंच नाही ते काही उगवत नाही.

तासभर रोडिनाल या डेव्हलपरच्या पातळ द्रावणात रोल नुसता ठेवून देण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. या फिल्मसाठी मला तो पटत नाही. एचसी-११० सारखा कमी फॉग देणारा डेव्हलपर, २० अंश तापमान आणि कमी वेळ हेच बरं. बेंझोट्रायझोल हे रसायन घातलं तर फॉग दबतो, पण थोडा स्पीडही जातो. हात आखडता ठेवा.

चाचणी न करता अख्खा रोल टँकमध्ये घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पूर्ण अंधारात बोटभर तुकडा कापा, पण थोडा लीडर (रोलचं सुरुवातीचं मोकळं टोक) आणि थोडा आतला भाग असा. नुसत्या लीडरने काही कळत नाही, तो उजेडाने काळाच होणार. तुकडा धुऊन छापील कागदावर ठेवा. आतल्या करड्या भागातून अक्षरं वाचता आली आणि लीडर त्याहून ठळक काळा असेल, तर रोलमध्ये जीव आहे. सुरुवातीची एखादी फ्रेम जाईल, जाऊ दे.

वर्षानुवर्षं गुंडाळलेली फिल्म स्प्रिंगसारखी वळते आणि प्लास्टिकच्या रिळात अडकते. रीळ कोरडं ठणठणीत हवं, आणि फिल्मच्या टोकाचे कोपरे गोलसर कापून घ्या. तरीही अडकली तर ओढू नका. काढून पुन्हा घाला.

निगेटिव्हवर गुलाबी झाक राहिली तर बहुतेकदा फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) थकलेला असतो किंवा वेळ कमी पडलेली. लीडरचा न धुतलेला तुकडा फिक्सरमध्ये टाकून तो किती वेळात पारदर्शक होतो ते पाहा आणि किमान त्याच्या दुप्पट वेळ द्या. टी-मॅक्स, डेल्टाला आणखी थोडी.

रोल अजून कोरा असेल तर डब्यावरच्या ३२०० वर जाऊ नका. नव्या डेल्टा ३२०० चाही खरा स्पीड १००० च्या आसपास असतो. जुन्या रोलवर फोटो काढताना कॅमेऱ्यात ४०० लावा.

आणि निगेटिव्ह करडी निघाली म्हणून टाकून देऊ नका. फॉग सगळीकडे सारखा असेल तर स्कॅनमध्ये ब्लॅक पॉइंट सरकवून बराचसा कापता येतो. एन्लार्जरवर (निगेटिव्हवरून कागदावर फोटो छापायच्या यंत्रावर) एक्स्पोजर वाढवा आणि कागद जास्त कॉन्ट्रास्टचा घ्या.