ज्येष्ठांच्या हृदयविकाराचे रक्त-अहवाल कसे वाचावेत

परभणी किंवा हिंगोलीकडच्या एखाद्या गावातून आई-वडिलांना छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात अथवा नांदेड-लातूरला न्यायचे ठरले की घरातले सगळे कागद एका पिशवीत भरले जातात, आणि डॉक्टरांनी मागितलेला मागच्या वेळचा अहवाल ऐनवेळी हाती लागत नाही. म्हणून प्रथम अहवाल तारखेनुसार लावावेत आणि प्रत्येकावर त्या दिवशीचे वजन, रक्तदाब, पायांवरची सूज व चालू औषधे लिहावीत. आजार किती बळावला आहे हे एकट्या आकड्यावरून ठरत नाही. तो आकडा मागच्या वेळेपेक्षा किती बदलला आणि तेव्हा मूत्रपिंडाची स्थिती काय होती, यावरून अंदाज येतो.

हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद अपुरी पडते तेव्हा, एनटी-प्रोबीएनपी ही रक्त-तपासणी सर्वांत बोलकी आहे. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की हा घटक रक्तात वाढतो. अचानक धाप लागलेल्या रुग्णात तो ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल, तर त्या धापेमागे हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता फार थोडी असते. निदानाकडे झुकणारी मर्यादा मात्र वयानुसार चढते: पन्नाशीच्या आत ४५०, ५० ते ७५ या वयात ९०० आणि ७५ च्या पुढे १८००. त्यामुळे ७८ वर्षांच्या आजोबांच्या अहवालात ६०० हा आकडा ठळक छापलेला दिसला म्हणून घाबरू नये, आणि दुर्लक्षही करू नये. मधल्या पट्ट्यातला निर्णय लक्षणे व इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहूनच होतो. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा नाडी अनियमित असेल तर हा आकडा वाढतो, स्थूल व्यक्तीत तो कमी दिसतो. उपचारानंतर तो ३० टक्क्यांहून अधिक उतरला तर ते चांगले लक्षण मानतात. साधी बीएनपी ही वेगळी तपासणी असून दोन्हींच्या आकड्यांची तुलना करू नये. शिवाय सॅक्युबिट्रिल हे हार्ट फेल्युअरवरील औषध असलेली गोळी चालू असल्यास बीएनपी औषधामुळेच वाढू शकते, म्हणून तेव्हा एनटी-प्रोबीएनपीच करून घ्यावी.

क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) हा वयोवृद्धांच्या अहवालातला सर्वांत फसवा आकडा, असे माझे मत आहे. कृश शरीरात स्नायू कमी असल्याने तो साधारण दिसतो. ८० वर्षांच्या आजींचे १.२ क्रिएटिनिन म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या रक्त गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ४५ च्या आसपास, म्हणजे मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावलेले. मराठवाड्याच्या वैशाखातील उन्हात, त्यात जुलाब झाले आणि लघवीची गोळी चालूच राहिली, तर हे गणित काही दिवसांत बिघडते. पोटॅशियम ५.५ च्या वर गेले असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ बहुधा पोटॅशियमयुक्त असते. रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही पोटॅशियम वाढवू शकणारी औषधे घेणाऱ्यांना ते विचारल्याशिवाय देऊ नये.

हिमोग्लोबिन कमी असेल तर हृदयाची स्थिती तीच असूनही धाप वाढते. एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) पुढील धोका सांगते, आजची तीव्रता नव्हे. हृदयविकार असलेल्यांत ते सहसा ७० च्या खाली ठेवतात. एचएस-सीआरपी ही शरीरातील दाह दाखवणारी तपासणी १० च्या वर असल्यास आधी ताप, संसर्ग किंवा सांध्यांची सूज पाहावी आणि बरे झाल्यावर ती पुन्हा करावी.

ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगते. वयोवृद्धांत व मूत्रपिंडाच्या रुग्णांत ते कायम थोडे वाढलेले असू शकते, त्यामुळे काही तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांतील चढ-उतार महत्त्वाचा असतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे निकाल चुकतो. छातीत दुखणे, किंवा मधुमेही ज्येष्ठांत केवळ धाप, घाम व एकाएकी आलेला गळाठा दिसला, तर लॅबची वाट न धरता १०८ ला फोन करावा; पहिला नमुना साधारण आला तरी दुसरा होईपर्यंत रुग्णाला घरी आणण्याचा आग्रह धरू नये.