तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका

तुळस दाट व्हावी म्हणून मंजिऱ्या खुडायच्या, हे सासूबाईंनी शिकवलं आणि मी तीस वर्षं खुडल्या. आता दोन तुळशी ठेवते. वृंदावनातली पूजेची, तिच्या खुडते. दुसरी गच्चीवर फुटक्या बादलीत, तिला हात लावत नाही. सकाळी ऊन आलं की तिच्यावर फुलोरी माश्यांची, म्हणजे छोट्या मधमाश्यांची, झुंबड उडते.

इंदूरच्या सुदामा नगरात आमच्या गल्लीत एके काळी शेवगा, लिंबू, जांभूळ होतं. आता अंगणात फरशी आणि कुंडीत डबल पाकळ्यांचा पिटुनिया. शोभा भरपूर, माशीच्या पोटाला फारसं काही नाही. शहराबाहेर पडलं की सोयाबीन. त्याच्या बियाण्यालाच थायमेथोक्झाम हे कीटकनाशक चोळतात, ते रोपात भिनून पार मकरंदापर्यंत पोचू शकतं. युरोपने उघड्या शेतात ते वापरायला २०१८ साली बंदी घातली. ते आपल्या हातात नाही. दाणापाणी आहे.

मिसळणाच्या डब्यातली मोहरी, शिवाय धने-बडीशेप कुंडीत टाका आणि निम्मी रोपं फुलू द्या. सगळी कोथिंबीर चटणीत जायला नको! पसरट ताटलीत खडे घालून पाणी ठेवा. खड्यांची डोकी कोरडी राहू द्या, नाहीतर माश्या बुडतात. मे महिन्यात रोज भरावं लागतं. दर दोन दिवसांनी ताटली घासा, डास होतात. साखरपाणी नको. औषध मारायचंच तर सूर्य मावळल्यावर, फुलं टाळून, कडुनिंबाचं तेलसुद्धा.

२०१७ साली स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर आला, तेव्हापासून आम्हाला कोपऱ्यातली मातीही खुपते. पण एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या जमिनीतच बीळ करतात. हातभर माती उघडी असू द्या.

आता मोहोळ. कढीपत्त्यावर तळहाताएवढं दिसलं की शेजारीण खालूनच ओरडते, "आंटी, छत्ता हटवा दो!" ती फुलोरी माशी, सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी. जवळ जायचं नाही, दगड-धूर तर नाहीच. रात्री त्या बाजूचे दिवे बंद, खिडक्या लावून. फुलोरा सरला की ते आपणहून उठून जातं. दोन वर्षांपूर्वी टाकीखालचं कुणीतरी जाळवलं, सकाळी मी सुपलीभर माश्या झाडल्या. अगदी दारावरच बसलं असेल तर माणूस बोलावण्याआधी फोनवरच विचारा, जाळणार की हलवणार.