बॅट महागाची, तरी चेंडू टेबलाबाहेर? ब्लेड आणि रबर घेताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून एक पोरगा नवी बॅट घेऊन टिळकवाडीत टेबल टेनिसच्या सरावाला आला. कार्बनचा थर घातलेलं ब्लेड (बॅटची लाकडी फळी), त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेलं, खाली 2.1 मिलिमीटर स्पंज असलेलं रबर. उसाचं बिल आल्यावर वडिलांनी हौसेनं घेऊन दिलेली. पण साधा पुश केला, म्हणजे चेंडू नुसता हलकेच ढकलला, तरी चेंडू टेबलापार. "सर, माझा हातच बिघडलाय," म्हणाला, आणि डोळ्यांत पाणी. मी माझी जुनी बॅट त्याला दिली: पाच थरांचं निव्वळ लाकडी ब्लेड, 1.8 चं रबर. दहा मिनिटांत चेंडू टेबलावर पडायला लागला.

सगळ्यात मोठी चूक हीच. वेगवान ब्लेडवर वेगवान, जाड रबर. फोरहँड टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरकी देणारा फटका) सलग वीस वेळा टेबलावर पडत नाही तोवर ऑलराउंड (मध्यम वेगाचं) लाकडी ब्लेड आणि 1.8 ते 2.0 स्पंजचं मध्यम रबर पुरे. कार्बन कुठं पळून जात नाही.

दुसरी फसगत आकड्यांची. 'हरिकेन 3' या चिनी रबरावर स्पंजचा कडकपणा 39 अंश लिहिलेला असतो, जर्मन रबरावर 47. मुलांना वाटतं, 39 म्हणजे मऊ. मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. ते चिनी 39 हाताला जास्त कडक लागतं आणि पूर्ण ताकदीनं मारल्याशिवाय साथ देत नाही.

वजन तर कुणी विचारतच नाही. 85 ग्रॅमचं ब्लेड, त्यावर कापलेली दोन रबरं प्रत्येकी सुमारे 45 ते 50 ग्रॅमची, म्हणजे बॅट 180 च्या आसपास. बारा वर्षांच्या मुलाचं मनगट त्यानं दुखणारच. कोल्हापूर-पुण्याहून मागवताना ब्लेडचं नेमकं वजन फोनवर विचारून घ्या.

आता आपल्याकडचा पाऊस. जूनपासून हॉलमध्ये ओल धरते, चेंडू रबरावरून घसरतो, आणि पालक नवं रबर आणायला धावतात. थांबा. आधी बॅट आणि चेंडू कोरड्या सुती फडक्यानं पुसा. फिरकी परत आली तर दोष ओलीचा होता. तरीही घसरत असेल तर चेंडू रबराच्या मधोमध दाबून ओढा, मग मुठीजवळच्या कोपऱ्यात ओढा. कोपऱ्यात पकड आहे आणि मध्ये गुळगुळीत, तरच रबर संपलं म्हणायचं.

रबर चिकटवतानाही पाऊस नडतो. पाण्याचा गोंद लावताना दुधासारखा पांढरा दिसतो. पारदर्शक झाल्याशिवाय रबर टेकवायचं नाही. जुलैत माझ्याकडे पंख्याखालीसुद्धा अर्धा तास जातो. घाई केली की फुगे येतात. गोंदाचे थर चढवत बसू नका: स्पर्धेत रबर, स्पंज आणि गोंद मिळून जाडी 4 मिलिमीटरच्या वर चालत नाही. जुनं रबर काढताना लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, सावकाश सोला; आडवं ओढलं की वरच्या थराच्या कुसळ्या निघतात.

आणि ब्लेड, दोन्ही रबरं एकदम बदलू नका. बिघडलं तर नेमकं कशानं, ते कळायलाच मार्ग राहत नाही. त्या पोराचं कार्बन आम्ही कपाटात ठेवलंय. सध्या तो लाकडी ब्लेडवर खेळतोय, बॅकहँडला 1.8 चं रबर आहे, आणि पुश आता जाळीलगत बुटका पडतो.