घरापुढचा काँक्रीटचा ड्राईव्हवे : सगळा खेळ पाण्याचा

गेटपासून गॅरेजपर्यंत एक पट्टी काँक्रीट करायची त्यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा गवंडी म्हणाला माल घट्ट होतोय, मग मीच पाईप घेऊन मिक्सरमध्ये पाणी सोडलं, थापायला एकदम लोण्यासारखं झालं, सगळे खूश. वर्षभरात वरचा थर सुटायला लागला, झाडू मारला की सिमेंटची भुकटी निघायची. शेवटी फोडून परत केलं. त्या दुसऱ्या वेळी जे कळलं ते लिहितोय, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पाण्याबद्दलच आहे, कुठे अजिबात नको, कुठे भरपूर पाहिजे आणि कधी.

सुरुवात जमिनीपासून. साध्या कार-जीपसाठी स्लॅब ४ इंच पुरतो, जड गाडी, टँकर वगैरे येणार असेल तर ६ इंच धरा. त्याखाली ४ ते ६ इंच मुरूम-खडीचा दाबलेला थर. म्हणजे ४ इंचाच्या स्लॅबसाठी फायनल लेव्हलच्या खाली ८ ते १० इंच खोदायचं, गवत, मुळं, भुसभुशीत माती सगळी काढून टाकायची. काळी माती असेल तर जरा जास्तच खोदा, कारण ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते, वरचा स्लॅब कितीही भारी केला तरी खालची जमीन हलली की तडा गेलाच म्हणून समजा. मुरूम एकदम सगळा टाकून वरून रोलर फिरवायचा नाही (बरेच जण हेच करतात), ३-४ इंचाचा थर, थोडं पाणी शिंपडायचं, प्लेट कॉम्पॅक्टर नाहीतर धुमस मारायचा, मग पुढचा थर. टाच जोरात दाबून बघा, खळगा पडत असेल तर अजून दाबा. गेटच्या लाईटची वायर, बागेचं पाणी असं पुढेमागे काही न्यायचं असेल तर आत्ताच खालून एक रिकामा पीव्हीसी पाईप आडवा टाकून ठेवा, नंतर स्लॅब फोडताना आठवण येते.

उतार घरापासून बाहेर. कमीत कमी १०० फुटाला १ फूट, पण ५० ला १ धरलेला बरा, म्हणजे २० फूट लांबीला साधारण ५ इंच. पारदर्शक पाईपात पाणी भरून लेव्हल काढा, नजरेवर जाऊ नका. जागाच घराकडे उतरती असेल तर गॅरेजच्या दाराआधी जाळीची आडवी गटार काढावी लागेल, त्याला इलाज नाही. एक लक्षात ठेवा, उतार खालच्या मुरमालाच द्यायचा, नाहीतर स्लॅब एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला अडीच इंच होतो.

शटरिंगच्या, म्हणजे ओलं काँक्रीट कडेने धरून ठेवणाऱ्या फळ्या दोरी लावून सरळ बसवा, दर २-३ फुटांवर खुंटी, आतून ऑईल. ओल्या काँक्रीटचा भार बराच असतो, खुंटी ढिली असेल तर फळी पोटातून फुगते आणि कड कायमची वाकडी दिसते. स्लॅब जिथे घराच्या भिंतीला, खांबाला, चेंबरच्या कडेला टेकतो तिथे अर्धा इंचाची फोमची पट्टी पूर्ण जाडीत उभी लावा. काँक्रीट गरम-थंड झालं की फुगतं-आकसतं, त्याला हलायला जागा नसेल तर ते भिंतीलाच ढकलतं.

सळईबद्दल गैरसमज फार आहे. जाळी टाकली म्हणजे तडे जाणार नाहीत असं नाही, गेलेला तडा ती उघडू देत नाही एवढंच. आणि तेही जाळी योग्य उंचीवर असेल तर. मजूर जाळी जमिनीवर पसरतात आणि काँक्रीट टाकताना ‘वर ओढून घेऊ’ म्हणतात, कोणी ओढत नाही, ती तळाशीच राहते आणि नुसती गंजते. ८ एमएमची जाळी ८ इंचाच्या अंतराने बांधा, खाली कव्हर ब्लॉक (जाळी उचलून धरणारे सिमेंटचे छोटे ठोकळे) देऊन स्लॅबच्या मध्यावर किंवा किंचित वर ठेवा, वरून दीड-दोन इंच काँक्रीट हवंच.

आता माल. किती लागणार ते आधी काढा: १० फूट रुंद, २० फूट लांब, ४ इंच जाड म्हणजे ६७ घनफूट, साधारण १.९ घनमीटर, त्यावर १० टक्के जास्त, म्हणजे २.१ धरा. ग्रेड एम २५ घ्या, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसेल असं. शक्य असेल तर रेडीमिक्स, म्हणजे प्लांटमधून ट्रकने येणारं तयार काँक्रीट मागवा, फक्त ट्रक तयार केलेल्या मुरमावर चढवू नका, सगळी मेहनत वाया जाईल. साईटवरच मिक्सर लावणार असाल तर १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) च्या खाली उतरू नका, हे प्रमाण एम २० चं आहे, हलक्या गाडीला चालून जातं, घनमीटरला सिमेंटच्या ८ गोण्या लागतात.

आणि पाणी, माझी जिथे माती झाली ते. ५० किलोच्या गोणीला २२ ते २५ लिटर, बस. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यातच मोजायचं. सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी कुठे जातं, तर ते उडून जातं आणि मागे बारीक बारीक पोकळ्या ठेवतं, त्यातून ताकद जाते आणि वरचा थर तर सगळ्यात आधी. माल घट्ट वाटत असेल तर प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) घाला, पाईप लांब ठेवा. रेडीमिक्सच्या ड्रायव्हरलाही हेच आधी सांगून ठेवा.

ओतायचं भल्या सकाळी. भर उन्हात आणि वाऱ्यात वरचं पाणी इतकं भराभर उडतं की तासाभरात केसासारख्या चिरा दिसायला लागतात. थंडीत पारा ५ डिग्रीच्या खाली जात असेल तर काम पुढे ढकला, आणि जिथे पाणी गोठतं अशा भागात काँक्रीट हवेचे बुडबुडे धरणारं, एअर एंट्रेन्ड मागवा. ओतण्याआधी मुरूम ओलसर करा पण डबकं नको. एका टोकापासून ओतत या, ढीग करून फावड्याने लांब ढकलत बसू नका, खडी एकीकडे आणि लगदा एकीकडे होतो. कडेला व्हायब्रेटर किंवा निदान फळीवर हातोडी मारत राहा, मग अॅल्युमिनियमच्या पट्टीने दोघांनी मागेपुढे ओढत लेव्हल घ्या, लगेच एकदा लाकडी रंधा (गवंड्याची सपाट फळी) फिरवा.

मग थांबा. खरंच थांबा, हे सगळ्यात अवघड आहे. वर पाणी येऊन चकाकायला लागतं, ते आपोआप जाईपर्यंत थापी लावायची नाही आणि कोरडं सिमेंट तर अजिबात भुरभुरायचं नाही. गवंडी सिमेंट मारून काच केल्यासारखं गुळगुळीत करून देतात, दिसायला झकास, पण तोच पापुद्रा पुढे सुटतो आणि पावसात त्यावरून माणूसही घसरतो. चकाकी गेली, बोट दाबून हलका ठसा उठतोय अशी वेळ आली की रंधा फिरवा आणि कडक झाडूने आडव्या रेघा मारा. उतारावर टायरला पकड मिळते.

तडा जाणारच आहे, तो कुठे जायचा ते आपण ठरवायचं, त्यासाठी जॉईंट. ४ इंचाच्या स्लॅबला दर ८ ते १० फुटांवर काप, खोली जाडीच्या चौथ्या भागाएवढी म्हणजे १ इंच. वरच्या मापात मध्ये एक काप मारला की दोन चौकोन होतात, लांबट तुकडे नकोत. कटर ओतल्यापासून साधारण ६ ते १८ तासांत, उन्हाळ्यात त्याआधीच. कापताना कडेची खडी उपटून येत असेल तर तासभर थांबा, पण उद्या बघू म्हणालात तर रात्रीतच ते स्वतःच्या मनाने फुटलेलं असतं.

आणि आता पाणी हात सैल सोडून, म्हणजे क्युरिंग, काँक्रीट घट्ट होत असताना ते ओलं ठेवणं. वरचा भाग पाण्याने खड्डा पडणार नाही इतका घट्ट झाला की सुरू करायचं, तोवर प्लॅस्टिक झाकून ठेवा. कमीत कमी ७ दिवस, फ्लाय ॲशवालं पीपीसी सिमेंट असेल तर १०. सपाट स्लॅबवर वाफे करून पाणी साठवतात पण इथे उतार आहे, सगळं पाणी खालच्या टोकाला जातं आणि वरचं टोक कोरडं राहतं. म्हणून गोणपाट नाहीतर जुन्या सुती चादरी अंथरा, भिजवा, वरून प्लॅस्टिक आणि कडेला विटा. सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या मारून मध्ये वाळू देणं म्हणजे क्युरिंग नाही, ते सतत ओलं राहिलं पाहिजे.

शटरिंग दुसऱ्या दिवशी काढलं तरी चालतं, कडा सांभाळून. चालायला २४ तासांनी हरकत नाही, कार ७ दिवसांआधी नको, १० झाले तर बरं, तोवर साधारण ६५-७० टक्के ताकद आलेली असते, आणि भरलेला ट्रक २८ दिवसांनंतरच. काप पूर्ण वाळले की त्यातली धूळ काढून सीलंट भरा, नाहीतर पावसाचं पाणी तिथूनच खालच्या मुरमात उतरतं.