स्पर्धेच्या मैदानाची वस्ती कशी करायची : जळगाव-धुळ्यासारख्या शहरांसाठी

राष्ट्रीय पातळीवरची मोठी क्रीडास्पर्धा आपल्याकडे मिळाली, तर पंधरा दिवसांच्या सोहळ्यासाठी पन्नास-साठ एकर जागा गुंतते. पुढे तिचं काय, हे नंतर बघू म्हटलं की गेटला कुलूप लागतं आणि आत वेडी बाभूळ माजते. २००४ नंतर अथेन्समधली कित्येक मैदानं अशीच ओस पडली. म्हणून क्रम उलटा ठेवा : दहा वर्षांनंतरच्या वस्तीचा नकाशा आधी काढा आणि स्पर्धा त्यावर बसवा.

नकाशात पहिल्यांदा रस्ते आखा. धुळ्यात गल्ली नंबर सांगितला की परका माणूसही घर शोधतो, कारण जुन्या पेठेची आखणीच सरळ आहे. तसंच इथेही करा. ८० ते १०० मीटरवर एक आडवा रस्ता घ्या आणि प्रत्येक रस्ता शेजारच्या कॉलनीच्या रस्त्याला थेट भिडवा. सुरक्षेसाठी कुंपण लागणारच, पण ते जाळीचं आणि खांब सॉकेटात बसवलेलं असू द्या, म्हणजे आठवड्याभरात निघतं. आरसीसीची भिंत एकदा उभी राहिली की ती पाडायला कोणी धजत नाही. लंडनच्या ऑलिंपिक पार्कात २०१२ साली पूल गर्दीसाठी रुंद ठेवले होते आणि नंतर त्यांचा तात्पुरता भाग काढून टाकला.

विकास आराखड्यात त्या जागेवर 'क्रीडांगण' असं आरक्षण असेल, तर तिथे घरं-दुकानं बसत नाहीत. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो : महासभेचा ठराव, हरकती-सूचनांसाठी महिना, मग शासनाची मंजुरी. ही फाइल स्पर्धेच्या आधीच हलवा. समारोपानंतर तिला कोणी विचारत नाही.

खुर्च्यांचा हिशेब एरवीच्या दिवसावरून करा. जिल्हास्तरीय सामन्याला जेवढे लोक येतात, साधारण तेवढीच पक्की आसनं बांधा आणि बाकीची भाड्याच्या लोखंडी गॅलरीवर भागवा. लंडनच्या जलतरण केंद्रात स्पर्धेवेळी १७,५०० आसनं होती. दोन्ही बाजूंच्या पंखांसारख्या तात्पुरत्या गॅलऱ्या काढल्यावर २,५०० उरली. तिथलंच मुख्य स्टेडियम मात्र पुढचा वापर पक्का न ठरवता बांधलं आणि नंतरच्या बदलांवर ३२ कोटी पौंडांच्या वर खर्च झाला.

खेळाडूंच्या निवासाची पुढे घरं होणार, त्यात खरी मेख प्लंबिंगची असते. स्पर्धेच्या दिवसांत स्वयंपाकघर म्हणजे आणखी एक झोपायची खोली. पण पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन भिंतीतून आणून टोपण लावून ठेवा. नंतर स्लॅब फोडून ड्रेन काढला की खालच्या घराच्या छताला गळती ठरलेली. घरं रिकामी असताना दुसरी एक कटकट होते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात नाहणी ट्रॅपमधलं (मोरीच्या जाळीखालच्या वाटीतलं, वास अडवणारं) पाणी आटतं आणि गटाराचा वास सगळ्या मजल्यावर पसरतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायला माणूस नेमा. काम क्षुल्लक वाटतं, पण पहिला ग्राहक नाक मुरडून परत गेला की भाव पडतो.

तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. साध्या उथळ पायावरची हलकी बांधकामं, म्हणजे तिकीट खिडक्या, दुकानांचे गाळे, कुंपणाची भिंत, सगळ्यात आधी तडकतात. पक्क्या इमारतींना किमान साडेतीन मीटर खोल अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत उतरवलेले, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब) घ्या. फरशीखालची काळी माती काढून मुरूम भरा आणि जोत्याभोवती पाणी मुरणार नाही असा पक्का पट्टा करा. मैदानाखालून पाण्याची लाइन नेऊ नका. ती गळली की एकाच बाजूची माती फुगते आणि ट्रॅकला उंचवटा येतो.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडा. ८०० घरं, घरटी साडेचार माणसं, माणशी १३५ लिटर : रोजचे जवळपास ४ लाख ८६ हजार लिटर. पन्नास मीटरचा तरणतलाव (रुंदी २५, खोली २ मीटर) एकदा भरायला २५ लाख लागतात, म्हणजे त्याच ८०० घरांचं पाच दिवसांचं पाणी. नळ दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतो, तिथे २५ मीटरचा तलाव बास आहे. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं. ते शुद्ध करून फ्लश आणि झाडांना द्या. शुद्धीकरणाचा प्लांट मात्र रोजच्या ४०० घनमीटरचा एकच नको, २००चे दोन बांधा. सुरुवातीला वस्ती अर्धीच भरलेली असते. मोठ्या टाकीत घाण खाऊन पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना तेव्हा खाद्यच मिळत नाही, प्लांट बंद पडतो आणि घाण पाणी नाल्यात जातं.

विजेचंही तेच. फ्लडलाइटसाठी मोठा मंजूर भार (वीज कंपनीकडून राखून घेतलेली क्षमता) कायमचा घेतला, तर दिवे बंद असतानाही त्या क्षमतेचा मागणी आकार बिलात येत राहतो. स्पर्धेसाठी तात्पुरती जोडणी घ्या आणि कायमचा भार वस्तीपुरता ठेवा.

पहिला भाडेकरू स्पर्धेआधी ठरलेला हवा, आणि तो बिल्डर नको. मुलांची वसतिगृहं उत्तम. नंदुरबार, अक्कलकुवा, धडगावकडून शिकायला येणाऱ्या मुलांना शहरात खोल्या मिळत नाहीत, आणि खेळाडूंच्या खोल्या जवळपास तयार वसतिगृहच असतात. पार्किंगची जागा आठवडे बाजाराला द्या. गुडघाभर उंचीचे ओटे, दर चार ओट्यांमागे एक नळ, मागून झाकलेली गटार आणि टेम्पो उलटा घेता येईल एवढी मोकळी जागा. वांगी-केळीवाले बसू लागले की चहाची टपरी, पंक्चरवाला, पिठाची गिरणी आपोआप येतात. संध्याकाळी माणसं दिसली की बायका-मुलीही ट्रॅकवर फिरायला येतात.

कडुनिंब आणि करंज स्पर्धेच्या दोन पावसाळे आधी लावा. उद्घाटनाच्या आठवड्यात आणलेली कुंडीतली झाडं मे महिना काढत नाहीत. पहिली दोन वर्षं टँकरचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली दाखवा, नाहीतर खर्चाला कात्री लागली की तोच आधी कापला जातो.