गडद करड्यासोबत रंग निवडताय? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका फ्लॅटच्या रंगाचं काम संपून दोन आठवडे झाले असतील. वहिनींचा फोन आला. “दादा, हॉलची भिंत निळी दिसालीय की ओ. आपण करडा घेतला होता न्हवं?”

जाऊन बघितलं. डबा तोच, शेड नंबर तोच, दोन्ही हात नीट बसलेले. पण मधल्या काळात घरात मोहरी-पिवळ्या कापडाचा मोठा सोफा आला होता आणि खिडकीला नारिंगी पडदे लागले होते. भिंत खरंच निळी दिसत होती.

घरांची आणि दुकानांच्या बोर्डांची कामं करताना गडद करड्याबद्दलच्या तक्रारी मी सतत ऐकतो. “ग्रे काय, कशावरही जातो” असं म्हणून तो निवडलेला असतो, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ त्या वाक्यातच सापडतं. गडद करडा बिनरंगी नसतो. त्याच्या पोटात एखादा रंग लपलेला असतो आणि शेजार मिळाला की तो बाहेर येतो.

आतली छटा न बघता जोडीचा रंग ठरवणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

शेड कार्डावर एकटा बघितला तर प्रत्येक करडा नुसता करडाच वाटतो. तीन-चार गडद करडे एकमेकांना खेटून ठेवा, खाली कोरा पांढरा कागद घ्या. लगेच एक निळा पडेल, एक हिरवट, एक तपकिरी, एखादा वांग्याच्या रंगाकडे झुकलेला. रंगाच्या दुकानात मशीनवर शेड बनवतात तेव्हा काळ्यासोबत निळा, पिवळा, गेरूसारखा लाल असे थेंब पडत असतात. कोणते पडले ते दुकानदाराला विचारा. बऱ्याचदा झाकणावरच्या स्टिकरवर ते छापलेलंही असतं.

कोल्हापूरकरांना खरं तर हे शिकायला शेड कार्डही लागत नाही. आपलं अंबाबाईचं देऊळ, १८८४ साली पूर्ण झालेला न्यू पॅलेस, पंचगंगेचा घाट, सगळीकडे काळा पाषाण आहे. हा बेसाल्ट नुकता फोडला की निळसर करडा असतो. वर्षानुवर्षं उघड्यावर राहिला की त्यातलं लोह गंजतं आणि तोच दगड तपकिरीकडे झुकतो. एकाच दगडाचे हे दोन करडे, आणि दोघांची जोडी वेगवेगळी.

तपकिरी करड्याला साईचा रंग, गुळाच्या ढेपेचा सोनेरी, कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचा तांबूस, वाळलेल्या गवताचा हिरवा हे चांगले जातात. त्याच्याशेजारी बर्फासारखा निळसर पांढरा ठेवला की भिंत मळल्यासारखी दिसते. निळसर करड्याचं उलटं. त्याला तांबं, पितळ, पक्क्या विटेचा लाल असे ऊबदार रंग थोडक्यात द्यावेत, किंवा फिका आकाशी, राखी, थंड पांढरा अशी शांत जोडी द्यावी. साईचा रंग त्याच्या जवळ मोठ्या प्रमाणात आला की तो जुन्या कागदासारखा पिवळट भासतो.

शेजारचा रंग काय करतो, हे विसरणं

वहिनींच्या भिंतीचं कोडं दोनशे वर्षं जुनं आहे. मिशेल शेव्हरूल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की निळ्या-जांभळ्या कापडातला काळा फिका पडतो, त्यात दम नाही. शेव्हरूलने रंग तपासला. काळा पक्का होता. दोष शेजारच्या धाग्यांचा होता. आपला डोळा प्रत्येक रंगाभोवती त्याच्या विरुद्ध रंगाची झाक बघतो.

करड्याचा स्वतःचा रंग अगदी दबका असल्यामुळे तो या परिणामाला सगळ्यांत आधी बळी पडतो. नारिंगीशेजारी निळा दिसतो, लालाशेजारी हिरवट, हिरव्याशेजारी किंचित गुलाबी. म्हणून करडा आणि जोडीचा रंग वेगवेगळे पसंत करू नका. सोफ्याच्या कापडाचा तुकडा, पडद्याचा तुकडा, लॅमिनेटचा नमुना आणि भिंतीची शेड एकाच टेबलावर, एकमेकांना चिकटवून बघा. सोफा अजून घेतला नसेल तर भिंत थांबवा. कापडाचे पर्याय मोजके असतात, रंगाचे हजारो, त्यामुळे कापड आधी आणि भिंत मागून.

गडदाशेजारी गडद

हे बोर्डांवर फार दिसतं. एसीपीचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा पत्रा चढवलेल्या पॅनेलचा, गडद करडा बोर्ड आणि त्यावर मरून अक्षरं. मालक हातभर अंतरावरून बघतात, त्यांना छान वाटतं. रस्त्याच्या पलीकडून दुकानाचं नावच वाचता येत नाही.

इथे आकडे मदत करतात. वेबसाइटवरच्या मजकुरासाठी उजेडातल्या फरकाचं एक गुणोत्तर वापरतात. साध्या आकाराच्या अक्षरांना ते किमान ४.५ हवं, मोठ्या अक्षरांना ३. स्क्रीनवरचा एक नेहमीचा गडद करडा, ३३३३३३ या कोडचा, घेऊन मी हिशोब केला. त्यावर शुद्ध पांढरा १२.६, शुद्ध पिवळा ११.८, शुद्ध लाल जेमतेम ३.२, शुद्ध निळा १.५ आणि मरून १.१५. एक म्हणजे काहीच फरक नाही. मरून अक्षरं तिथे लिहिली काय, न लिहिली काय! लालसुद्धा आपल्याला भडक वाटतो, पण उजेडाच्या मापात तो करड्याच्या फार वर नसतो.

घरातही हेच. गडद करडी भिंत, बाटली-हिरवा सोफा, अक्रोडी टीव्ही युनिट, प्रत्येक वस्तू सुंदर आणि खोली मात्र गुहेसारखी. मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. दोन रंग एकमेकांत मिसळून गेले तर त्यातला एक बराच फिका करायला हवा. ही तपासणी फुकट आहे आणि मी आजही प्रत्येक कामात करतो.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंती

दुकानात साधारण ६५०० केल्विनचा पांढरा-निळसर उजेड असतो. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर. घरी हॉलमध्ये ३००० केल्विनचे पिवळसर दिवे. निळसर करडा पहिल्या उजेडात थंडगार निळा आणि दुसऱ्यात बराच मवाळ दिसतो. तपकिरी करडा पिवळ्या दिव्याखाली थेट चॉकलेटी होतो. त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर ढगांतून येणारा उजेड थंड असतो, आणि मे महिन्यात पसंत केलेली भिंत जुलैत उदास वाटते ती त्यामुळे.

दोन फूट बाय दोन फुटांची प्लायची पट्टी घ्या, तिच्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावरून ठरवू नका, कारण भिंतीचे इमल्शन वाळल्यावर सहसा गडद होतात. मग ती पट्टी सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर त्याच भिंतीला टेकवून बघा. जोडीचे नमुने तिच्याजवळच हवेत.

चकाकीचाही विचार करा. घाटाच्या पायऱ्या कोरड्या असताना राखाडी असतात आणि पावसाची सर आली की काळ्याभोर होतात. दगड तोच, ओल्या पृष्ठभागावरून उजेड कमी विखुरतो, म्हणून गडद दिसतो. मॅट आणि ग्लॉस रंगांत तसाच फरक पडतो. भिंत मॅट आणि दरवाजा त्याच शेडमध्ये ग्लॉस केला तर दरवाजा जास्त गडद वाटेल. हे हवं असेल तर उत्तम, नको असेल तर दोन्हीकडे एकच फिनिश घ्या.

सगळ्यांना सारखा वाटा

अर्धी खोली करडी, अर्धी गुलाबी असं केलं की दोन्ही रंग भांडत बसतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत काळ्या दगडावर गुलाल उधळला जातो, तेव्हा तो डोळ्यांत भरतो. त्या दिवशी डोंगरच गुलाबी व्हावा अशीच भक्तांची इच्छा असते. रोजच्या खोलीला मात्र मी यात्रा संपल्यानंतरचा दगड नमुना म्हणून बघतो, कोरीव कामाच्या खाचांत गुलाल राहिलेला आणि बाकी सगळा पाषाण. एवढासा रंग असूनही नजर आधी तिथेच जाते. भडक रंग उशा, एखादी खुर्ची, देवघराची आतली बाजू इथे ठेवला तर बास. बाकी जागा फिक्या रंगाला द्या, विशेषतः छताला. गडद भिंतीवर गडद छत कमी उंचीच्या फ्लॅटमध्ये मी तरी सुचवत नाही.

छापील कामाबद्दल थोडक्यात. पत्रिका किंवा माहितीपत्रकावर चार शाईंच्या मिश्रणातून बनवलेला गडद करडा प्रत्येक वेळी थोडा हिरवट किंवा गुलाबी निघू शकतो, आणि त्यातून कोरलेली बारीक पांढरी अक्षरं शाई जराशी सरकली की बुजतात. अक्षर ठळक घ्या आणि छापखान्याकडून आधी नमुना मागा.

आता, रंग लागून गेला आणि जोडी बिघडली असेल तर लगेच पेंटरला बोलवू नका. आधी दिवे बदलून बघा. सगळ्यांत स्वस्त उपाय तोच. मग पडदे, मग गालिचा आणि उशा. भिंत आणि सोफा यांच्यामध्ये हातभर फिकी जागा, लाकडाची पट्टी किंवा पांढरी चौकट आली तरी शेजाराचा परिणाम कमी होतो. एवढं करूनही जमलं नाही तर रंग.

वहिनींच्या घरी पडदे बदलून कोऱ्या सुताचे लावले, ६५००चे बल्ब काढून ३०००चे बसवले आणि सोफ्याच्या मागे दोन फिक्या चौकटी टांगल्या. संध्याकाळी दिवे लावून वहिनी भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. “आता करडी हाय,” म्हणाल्या. “मी उगंच पेंटरला फोन कराय निघालो होतो.” मोहरी सोफा तिथेच आहे.