ईआरपी घेताय? आधी एका ऑर्डरचा माग काढा

व्यवसाय लहान असतो तोवर गोदामात काय आहे हे एखाद्या माणसाला तोंडपाठ असतं. पसारा वाढला, की तोच माणूस रजेवर गेल्यावर माल सापडेनासा होतो. विक्रीच्या एक्सेलमध्ये एक आकडा, गोदामाच्या वहीत दुसरा, हिशेबात तिसरा. मग ईआरपीची चर्चा सुरू होते. खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकाच डेटाबेसवर चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ईआरपी. एकदा केलेली नोंद सगळ्या विभागांत दिसते, हा त्याचा मोठा फायदा. पण चुकीची नोंदही तितक्याच वेगाने सगळीकडे पोचते. म्हणून पहिलं काम सॉफ्टवेअर बघण्याचं नाही.

कागदावर उतरवा

गेल्या महिन्यातली एक खरी ऑर्डर घ्या. ग्राहकाने चौकशी केली तिथपासून पैसे खात्यात जमा झाले तिथपर्यंत ती कुणाकुणाच्या हातून गेली, ते एका मोठ्या कागदावर लिहा. कोणी नोंद केली, कुठे केली, आणि तोच आकडा कितव्यांदा टाइप झाला, हे प्रत्येक टप्प्यावर विचारा. पण विचारा ते काम करणाऱ्यालाच. साहेबांच्या मते बिल झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. डिस्पॅचला बसणारा सांगतो, की घाईच्या दिवशी गाडी आधी सुटते आणि बिल संध्याकाळी होतं. तुम्हाला ही दुसरी माहिती हवी आहे.

मग बिघडलेली एक ऑर्डर घ्या. अर्धाच माल गेला, त्यातला काही परत आला, दर मध्येच बदलला, आगाऊ रक्कम वेगळ्याच बिलात वळती झाली, अशी. सरळ ऑर्डर बहुतेक सगळी सॉफ्टवेअर हाताळतात. निवड करायची ती या वाकड्या ऑर्डरींवरून.

यातून गरजांची यादी निघेल. तिचे दोन भाग करा: ज्याच्याशिवाय काम अडतं ते, आणि असलं तर बरं ते. पहिला भाग एका पानात मावला पाहिजे. मावत नसेल, तर प्रत्येक विभागाने आपली हौस त्यात घातली आहे.

डेमो तुमच्या कागदांवर घ्या

व्हेंडरचा डेमो गुळगुळीत असतो, कारण त्यातला डेटा त्याचा असतो. आठवडाभर आधी त्याला तुमचे दहा आयटम, पाच ग्राहक आणि ती बिघडलेली ऑर्डर द्या; डेमो त्यावरच मागा. समोर स्टोअर सांभाळणारा आणि हिशेब बघणारी व्यक्ती बसलेली हवी, कारण उद्या ते स्क्रीन त्यांना वापरायचे आहेत. यादीतल्या प्रत्येक गरजेपुढे तीनपैकी एक उत्तर लिहा: तयार आहे, सेटिंगने होतं, की नवा कोड लिहावा लागेल. 'होऊन जाईल' हे उत्तर तिसऱ्या रकान्यात टाका.

तिसरा रकाना लांबला तर थांबा. लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीने 2011 मध्ये सॅप या ईआरपी बनवणाऱ्या कंपनीची प्रणाली बसवायला घेतली. ही कंपनी साठ्याची किंमत खरेदीदराने धरत असे, तर तयार प्रणाली विक्रीदराने. कंपनीने आपली पद्धत न बदलता सॉफ्टवेअर बदलून घेतलं. 2018 मध्ये प्रकल्प सोडून दिला, तोवर सुमारे 50 कोटी युरो खर्ची पडल्याच्या बातम्या आल्या. माझं मत स्पष्ट आहे: ज्या पद्धतीमुळे ग्राहक तुमच्याकडे येतात तेवढीच जपा, बाकी ठिकाणी आपली सवय मोडा. खास लिहून घेतलेला कोड प्रत्येक अपग्रेडच्या वेळी पुन्हा तपासावा लागतो.

खर्चाची तुलना पाच वर्षांची करा. लायसन्स, बसवणं, डेटा हलवणं, प्रशिक्षण, सपोर्ट, सगळं धरून. ईआरपीनेक्स्ट किंवा ओडूची कम्युनिटी आवृत्ती अशी काही ईआरपी सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड सगळ्यांना खुला आहे; लायसन्सचे पैसे लागत नाहीत. पण ती सॉफ्टवेअर बसवणाऱ्या माणसांचे लागतात. क्लाउड की स्वतःचा सर्व्हर? सर्व्हर सांभाळणारा माणूस पगारावर नसेल, तर क्लाउड. करारात दोन गोष्टी लिहून घ्या: सोडून जाताना सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात मिळेल, आणि काम करायला नेमकं कोण येणार. विकणारे आणि बसवणारे बहुधा वेगळे असतात.

मास्टर साफ करा

मास्टर म्हणजे आयटम, ग्राहक, पुरवठादार यांच्या मूळ याद्या. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम हेच. 'बोल्ट 10 मिमी', 'बोल्ट एम10' आणि '10 एमएम बोल्ट' अशा तीन नावांनी एकच वस्तू नोंदलेली असते. तिन्ही ठिकाणी थोडा थोडा साठा दिसतो आणि खरेदीवाला चौथ्यांदा मागवतो. खरेदी किलोने, वापर नगाने, विक्री पेटीने होत असेल तर प्रत्येक आयटमचं रूपांतर आधी ठरवा. दोनदा आलेले ग्राहक एकत्र करा. वर्षानुवर्षं न हललेले आयटम नव्या प्रणालीत नेऊच नका. आणि नवा आयटम उघडण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तोच गोंधळ होईल.

हे काम व्हेंडरवर सोपवू नका. तीन बोल्ट एकच आहेत हे त्याला कसं कळणार?

डेटा हलवण्याची किमान दोनदा रंगीत तालीम करा. दर वेळी ताळेबंद, पार्टीनिहाय बाकी आणि साठ्याचं मूल्य जुन्या आकड्यांशी जुळवा. सुरुवातीचा साठा मात्र जुन्या फाइलमधून उचलू नका, गोदामात उभं राहून मोजा.

तारीख ठरवताना

हर्शी या चॉकलेट कंपनीने जुलै 1999 मध्ये, तीन नव्या प्रणाली एकदम, तोंडावर हॅलोविन या सणाचा, म्हणजे चॉकलेट विक्रीचा हंगाम असताना सुरू केल्या. माल तयार असूनही सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत. तेव्हा मंदीचा महिना निवडा, शक्यतो वर्षाची सुरुवात. आधी हिशेब, खरेदी आणि साठा, उत्पादन नंतर.

जुनी आणि नवी पद्धत समांतर चालवायची असेल तर एकच महिना, तोही शेवटची तारीख जाहीर करून. दुहेरी नोंदींनी माणसं थकतात आणि जुन्याकडेच वळतात. त्या तारखेनंतर जुन्या फाइल फक्त वाचण्यापुरत्या उघड्या ठेवा. परवानग्याही त्याच दिवसापासून लागू करा: नवा पुरवठादार नोंदवणारा आणि त्याचं पेमेंट करणारा एकच नको.

पहिले दोन आठवडे प्रत्येक विभागात एक जाणकार सहकारी फक्त मदतीला बसवा. अडचणींची एक वही ठेवा आणि रोज संध्याकाळी ती सगळ्यांसमोर वाचा. पहिल्या महिनाअखेरीस कुठलेही वीस आयटम निवडून गोदामात जाऊन मोजा, आणि स्क्रीनवरचा आकडा शेजारी लिहा. जिथे फरक आला, त्या आयटमची प्रत्येक नोंद मागे मागे तपासत जा.